कळीतली कडी

"काय निघालं?"

धाकटीने लगेच वर पाहिले नाही. चिमट्याच्या टोकात मोहरीपेक्षा लहान कळी होती आणि ती निसटली असती तर सगळी सकाळ पाण्यात गेली असती. कळी कुपीत सोडून, झाकण घट्ट करून मगच ती वळली. प्रयोगशाळेच्या दारात सर उभे होते. स्वेटरची बटणे एका काजाने चुकलेली, दाढी एका गालावर गुळगुळीत आणि दुसऱ्यावर तशीच राहिलेली. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी, काकू होत्या, सरांची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून. काकूंनी सरांच्या आडून धाकटीकडे पाहिले आणि मान अगदी किंचित, नको अशी हलवली.

"सांग की. काय निघालं?" सर म्हणाले.

परवा तिने त्यांना सांगितले होते. काल पुन्हा सांगितले होते.

"बसा सर," ती म्हणाली. "आधी चहा सांगते."

धाकटी हे काही तिचे नाव नव्हे. ती इथे आली तेव्हा सरांच्या हाताखाली सगळ्यांत लहान होती, म्हणून सरांनीच ते पाडले. पुढे तिच्याहून लहान कितीतरी जण आले, पदव्या घेऊन गेले, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली, पण नाव तिलाच चिकटून राहिले. आता पन्नाशी उलटली होती, चष्मे दोन झाले होते, एक लांबचा आणि एक जवळचा, तरी जिन्यावरून हाक यायची ती धाकटी अशीच. आई होती तोवर शेजारणींना सांगायची, आमची मुलगी फुलांच्या कारखान्यात आहे. तिथे काय करतात, असे कुणी विचारले की म्हणायची, फुलं कापतात आणि त्यांचे फोटो काढतात. यात खोटे काहीच नव्हते.

कळीच्या आत परागकोश असतात, इवल्या पिशव्यांसारखे, आणि त्यांत परागकण वाढतात. परागकणाला उघड्या जगात जायचे तर अंगावर जाड कवच लागते, नाहीतर उन्हावाऱ्यात त्याचे भुसकट व्हायला वेळ लागत नाही. हे कवच तो एकटा घडवू शकत नाही. परागकोशाच्या अस्तरातल्या पेशी त्याच्यासाठी माल तयार करतात आणि सूक्ष्म पुड्यांत बांधतात. पुड्या पेशीच्या कडेला येऊन टेकतात, पुडीचे आवरण आणि पेशीचे आवरण एकमेकांत मिसळून जाते आणि आतला माल बाहेर पडतो. हे केव्हा व्हायचे यावर काही प्रथिनांचा ताबा असतो. त्यांतले एक प्रथिन सरांनी तरुणपणी शोधून काढले होते. ते नसलेल्या झाडाचे परागकण बोडके राहत, मग चिमून जात, आणि झाडाला स्वतःचे बी धरत नसे. सर म्हणाले, हे प्रथिन म्हणजे किल्ली आहे. किल्ली नसली की पुड्या उघडत नाहीत आणि माल आतच अडकून पडतो. दूरदूरच्या जाणत्यांनी माना डोलावल्या, जाड पुस्तकांत एक परिच्छेद आला. पाठीमागे लोक सरांना किल्लीवाले म्हणू लागले. सरांना ते ठाऊक होते आणि आवडतही होते.

धाकटीचा सगळा जन्म त्या किल्लीपायी गेला होता. बी न धरणाऱ्या झाडाचा वंश टिकवायचा तर त्याच्या फुलांवर भावंडझाडाचे पराग कुंचल्याने हाताने लावावे लागतात. ते काम झाडांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिनेच केले. घरात भाऊ-वहिनी सुट्टीला चला म्हणत, तेव्हा तिची झाडे फुलावर आलेली असत. लग्नाच्या गोष्टी निघाल्या आणि विरल्या, त्याही बहुतेक फुलांच्या हंगामातच, असे ती स्वतःच हसत सांगायची. तिची नोकरी दर वर्षी नव्याने मंजूर व्हायची आणि दर वर्षी सर तिच्यासाठी वरच्या मजल्यावर भांडून यायचे. परदेशातल्या कुणी किल्लीबद्दल शंका काढली की उत्तराचे प्रयोग तीच करायची. आपण सरांची बाजू लढवतो आहोत असे तिला कधी वाटले नाही. जे खरे आहे ते पुन्हा एकदा दाखवतो आहोत, एवढेच वाटायचे.

या खेपेलाही ती किल्लीचा पुरावा गोळा करायलाच गेली होती. सरांच्या काळात फक्त मोठ्या, उमलत आलेल्या कळ्या नीट कापता यायच्या. त्यांत परागकण बोडके दिसायचे. बाहेर माल नाही, म्हणजे तो आत अडकलेला असणार, असे सरांनी धरले आणि कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. आता नवे यंत्र आले होते, कोवळ्यात कोवळी कळी कापून देणारे. धाकटीने तशा कळ्या कापल्या, काप सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि पडद्यावर चित्र उमटले. माल अडकलेला नव्हता. परागकण अजून चार-चारांच्या जुडीत, एकाच पांघरुणाखाली मिटलेले होते, कवच अंगावर घ्यायची त्यांची वेळच आली नव्हती, आणि पुड्या केव्हाच फुटून रिकाम्या झाल्या होत्या. सगळा माल भलत्या वेळी सांडून वाया गेला होता. परागकण मोकळे होतील तेव्हा त्यांना द्यायला पेशींकडे काही उरणार नव्हते.

म्हणजे ते प्रथिन दार उघडत नव्हते. वेळ येईपर्यंत दार लावून धरत होते. किल्ली नव्हे, ती कडी होती.

तिने दुसऱ्या झाडांच्या कळ्या कापल्या, मग तिसऱ्या. आपण चुकलेलो असू दे, असे तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटले. पण ती चुकली नव्हती.

सरांचे विसरणे सुरू होऊन बराच काळ झाला होता. आधी चष्मा, मग माणसांची नावे, मग आजचा वार. निवृत्तीनंतरही संस्थेने त्यांची खिडकीजवळची खुर्ची ठेवली होती, आणि काकू त्यांना रोज सकाळी घेऊन यायच्या. घरी असले की उशीर झाला, उशीर झाला म्हणत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतात, काकू सांगायच्या. इथे आले की निवतात. काकू मग बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून असत.

परवा तिने सांगितले तेव्हा सर अगदी पूर्वीचे सर होते. पाठ ताठ, नजर पडद्यावर. कळीचे वय कशावरून ठरवलेस, त्यांनी विचारले. कापताना पुड्या फुटल्या नसतील कशावरून? दुसऱ्या कुणाला दाखवलेस का? तिन्ही प्रश्न बरोबर होते आणि तिन्हींची उत्तरे तिच्याकडे होती. मग सर उठून कोपऱ्यातल्या नळाशी गेले आणि हात धुऊ लागले. धुतच राहिले. शेवटी धाकटीने जाऊन नळ बंद केला.

"म्हणजे इतकी वर्षं," सर म्हणाले आणि तिथेच थांबले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. काय सांगितलेस गं ह्यांना, त्या विचारत होत्या. ताटावर बसले आणि न जेवता उठले.

दुसऱ्या दिवशी सर हसतमुखाने दारात हजर झाले आणि काय निघाले म्हणून विचारू लागले. दुःख झोपेत थोडे ओसरले असेल, असे तिला क्षणभर वाटले. मग लक्षात आले की ते ओसरले नव्हते, पुसलेच गेले होते. सरांना कधी खोटे सांगितले नव्हते, म्हणून तिने पुन्हा सांगितले. तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने आले. मग सर उठले आणि नळाशी गेले. नळ तिलाच बंद करावा लागला.

आज चहा सांगायला म्हणून ती बाहेर आली, तर काकू बाकावरून उठून तिच्या वाटेतच उभ्या राहिल्या.

"आज नको सांगूस," त्या म्हणाल्या. "हात जोडते तुला."

"काकू, ते विचारतात. मी काय करू?"

"तुमचंच बरोबर निघालं म्हण. अगं, ह्यांना मुलाचं नाव आठवत नाही. पण तू काहीतरी बघतेयस आणि त्याचं उत्तर यायचंय, एवढं रोज सकाळी आठवतं. तेवढ्यासाठी दाढी करतात. ते रोज मोडायचं कशाला?"

"खोटं कसं बोलू त्यांच्याशी?"

"मी बोलते की. बहीण येऊन गेली का विचारतात. ती जाऊन किती वर्षं झाली. मी म्हणते, येऊन गेली, तुम्ही झोपला होतात." काकूंनी पिशवीचा पट्टा सरळ केला. "पहिल्यांदाच काय ते जड जातं."

धाकटी आत गेली. सर खुर्चीत वाट पाहत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावे तसे.

"उत्तम निघालं सर," ती म्हणाली. "तुमचंच खरं."

"वाटलंच होतं मला," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवशी त्यांनी चहात बिस्किटे बुडवून खाल्ली आणि दुपारी घरी जाताना जिन्यावर भेटलेल्या प्रत्येकाला थांबवून सांगितले की धाकटीने किल्लीचा शेवटचा पुरावा मिळवला.

मग ते रोजचेच झाले. सर विचारायचे, ती सांगायची, सर खुलायचे. याच सरांनी एके काळी तिच्या प्रबंधाचे अख्खे प्रकरण एका शब्दासाठी परत केले होते. दिसले त्याहून जास्त लिहायचे नाही, म्हणाले होते. आता ती रोज सकाळी न दिसलेले सांगत होती, आणि काकू बाहेर बाकावर निश्चिंत बसत होत्या. काकूंचे खोटे निदान घरातले होते. हिचे खोटे कामातले होते, आणि काम सोडून हिच्यापाशी दुसरे काही नव्हते.

तेवढ्यात वरून बोलावणे आले. संस्थेचे नवे प्रमुख माणूस म्हणून वाईट नव्हते. सरांबद्दल आदर होता त्यांना. पण समुद्रापलीकडच्या एका गटाचे काम याच वाटेने चालले आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. आता थांबलो तर आपले काम शिळे होईल, लेख ताबडतोब गेला पाहिजे, ते म्हणाले. मग थोडे अडखळले. सरांच्या नावाचे काय करणार? ज्याचे नाव लेखावर आहे त्याला लेखात काय म्हटले आहे ते कळायला हवे आणि ते त्याला मान्य हवे. नियमच आहे तसा, आणि नियम चुकीचा नाही.

"मान्यता मिळणार असेल तर उत्तम," प्रमुख म्हणाले. "नाहीतर नाव काढा. वाईट वाटतं, पण काय करणार."

धाकटी जिना उतरून आली आणि झाडांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. नाव काढायचे तर हे झाड सरांचे, याचे पहिले बी सरांनी जपलेले, कापायला शिकवले तेही सरांनी. नाव ठेवायचे तर ज्याला रोज सकाळी किल्ली म्हणून सांगायचे, त्याच्याच नावाने जगाला कडी म्हणून कळवायचे. मान्यता मागायची तर पुन्हा तो नळ. कुठूनही वाट नव्हती. ती नुसतीच झाडांना पाणी घालत राहिली, सकाळी घातलेले होते तरी.

चार दिवस तिने लेख अडवून धरला. पाचव्या दिवशी सर आले, त्यांनी विचारले, तिने ठरलेले उत्तर दिले. पण सर खुलले नाहीत. कपाळाला आठी घालून तिच्याकडे पाहत राहिले.

"दाखव," ते म्हणाले.

"सर, नंतर दाखवते. यंत्र जरा..."

"नंतर कशाला? तुझ्या शब्दावर नको. दाखव."

तिने खुर्ची पडद्यापुढे ओढून दिली. मोठ्या कळीचे चित्र काढले, बोडक्या परागकणांचे. यातून किल्लीही सिद्ध होईल आणि कडीही, तेवढेच तिच्या हातात होते. सरांनी ते पाहिले आणि हाताने बाजूला सारल्यासारखे केले. ही म्हातारी कळी आहे, म्हणाले, याच्या आधीची काढ. तिने काढली. याच्याही आधीची. सर वाट पाहत होते, आणि सरांनी मागितलेले चित्र लपवणे तिला जमण्यातले नव्हते. तिने कोवळी कळी पडद्यावर आणली आणि नळाच्या बाजूला सरकून उभी राहिली.

सर पुढे वाकले. बराच वेळ गेला. मग त्यांचे बोट काचेवरून हळूहळू फिरू लागले, पेशीच्या कडेकडेने, एका रिकाम्या पुडीवरून दुसरीवर.

"अगं, ह्या तर आधीच फुटल्यात," ते म्हणाले.

तिने चित्र आणखी मोठे केले.

"कण अजून जुडीत आहेत. अजून कवच घ्यायची वेळच नाही त्यांची. आणि ह्या फुटून बसल्यात." सर तिच्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे लखलखत होते. "हे झाड त्या प्रथिनाशिवायचं ना? मग ते प्रथिन उघडत नाही काही. ते थोपवून धरतं. किल्ली कसली, कडी आहे ती."

"हो सर," धाकटी म्हणाली.

"किती साधं आहे. लहान कळी बघितली की संपलं." सर हसत होते. पूर्वी एखादा अवघड प्रयोग जमला की हसायचे तसे, खांदे हलवून. "किल्ली कोण म्हणत होतं मग?"

"होते एकजण."

"मूर्ख असणार."

"नाही सर. त्यांच्या वेळी लहान कळ्या कापता येत नव्हत्या."

"असं होय." सरांना ते पटले. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले, पण आता हसू मावळले होते आणि काळजी आली होती. "हे बघ, छापण्याआधी त्यांना सांगायला हवं. परक्याकडून कळता कामा नये. सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

तिने त्यांच्याकडे पाहिले. बटणे आजही चुकली होती.

"त्यांना आनंद झाला," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली.

"चांगला माणूस दिसतो," ते म्हणाले. "त्यांचं नाव घाल लेखात."

दुपारी ती वर गेली आणि मान्यता मिळाली म्हणून सांगितले. प्रमुखांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जास्त काही विचारले नाही. ती मान्यता होती की नव्हती, हे तिला तेव्हा ठरवता आले नाही आणि पुढेही कधी आले नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले ते कोरेच. पण आता धाकटीला हे ओझे वाटत नव्हते, उलट ती त्यांची वाटच पाहत होती. सर स्वतः बघतील, स्वतः ओळखतील आणि तसेच हसतील. रोज हसले तरी चालेल. काकूंनाही तिने मुद्दाम आत बोलावून उभे केले. सरांना पडद्यापुढे बसवले आणि तीच कोवळी कळी काढली.

सरांनी पाहिले. डोके एकीकडे कलते करून पाहिले, मग दुसरीकडे. बोट उचलले आणि कुठे टेकवावे ते न सुचून पुन्हा मांडीवर ठेवले.

"पाऊस पडलाय का?" त्यांनी विचारले.

"सर, ह्या पुड्या. ह्या बघा, कडेला."

"थेंब थेंब दिसतायत," सर म्हणाले आणि काकूंकडे पाहिले. "छत्री आणलीयस ना?"

काकू आणलीय म्हणाल्या. धाकटीने दुसरे चित्र काढले, मग तिसरे. सर प्रत्येकाकडे पाहत होते, कुणाच्या घरचे फोटो दाखवले तर पाहावे तसे, मान देऊन. थोड्या वेळाने काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. तेव्हा तिने पडदा बंद केला. त्यानंतर तिने पुन्हा काही दिवस प्रयत्न केला, सकाळी केला, चहा झाल्यावर केला, पण त्या दिवशी जे डोळे आले होते ते पुन्हा आले नाहीत. पुढे सरांनी विचारणेही सोडले. मग एक दिवस काकूंचा फोन आला की जिना आता जमत नाही, आम्ही यायचे थांबवतो. खिडकीजवळची खुर्ची काही दिवस तशीच राहिली आणि मग कुणीतरी ती बैठकीच्या खोलीत नेली.

लेख छापून आला तेव्हा धाकटी सुट्टीच्या दिवशी सरांच्या घरी गेली. सर मागच्या दारात, उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर रुमाल पसरलेला होता आणि काकू त्यांची नखे कापत होत्या. धाकटीने लेखाचे शीर्षक मोठ्याने वाचले, त्याखालची नावे वाचली. स्वतःचे नाव ऐकून सरांनी मान हलवली, कधीतरी भेटलेल्या माणसाचे नाव कानावर यावे तशी.

"छान," ते म्हणाले. "उभ्या का? बसा ना तुम्ही."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच अहोजाहो केले.

काकूंनी नखे कापणे चालू ठेवले, पण नेलकटरचा आवाज झाला की सर दचकून हात मागे घेत होते. जरा धर गं मनगट, काकू म्हणाल्या. धाकटीने लेख बाजूला ठेवला, पायरीवर बसली आणि सरांचे मनगट आपल्या दोन्ही हातांत धरले. हात हलका होता, उन्हाने कोमट झालेला. सर आता शांत झाले. एकेक बोट झाले की ते स्वतःच दुमडून घेत आणि पुढचे सरळ करत, काकूंचे काम सोपे व्हावे म्हणून. करंगळीपाशी आल्यावर काकू थांबल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. त्यांचा चष्मा पुसून होईपर्यंत सर करंगळी पुढे धरून थांबले.